पाळकसाहेब, कोपीतली गोष्ट सोबत न्या

पत्र

ताई, जय ख्रिस्त.

मी ३६ वर्षांचा आहे. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचा पाळक म्हणून सेवा करतो. येत्या फेब्रुवारीत जिनिव्हाजवळ वेगवेगळ्या देशांतल्या पाळकांचा दहा दिवसांचा मेळावा आहे आणि बिशपसाहेबांनी आमच्या धर्मप्रांतातून माझं नाव दिलं आहे. जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च बोलावणारेच करणार आहेत. आनंद व्हायला हवा, पण झोप उडाली आहे. माझं शिक्षण मराठीत झालं. इंग्रजी वाचतो, पण बोलायला उभा राहिलो की घशाला कोरड पडते. मंडळीतले काही जण म्हणतात, ‘चर्चचं छप्पर गळतंय अन् पाळक निघाले फॉरेनला.’ शिवाय दिवाळीनंतर आमची निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते. महिन्यातून दोनदा मी कारखान्याच्या तळावर जाऊन कोप्यांमध्ये, म्हणजे तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्यांमध्ये, उपासना घेतो, फेब्रुवारीत तीही चुकेल. आणि तिथं मी बोलणार तरी काय? आमच्याकडे सांगण्यासारखं काही घडत नाही. मुंबईच्या एखाद्या फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या पाळकाला पाठवा, असं बिशपसाहेबांना कळवावं म्हणतो. मिसेस म्हणाल्या, आधी ताईंना विचारा.

एक पाळक

उत्तर

प्रिय पाळकसाहेब, जय ख्रिस्त.

तुमच्या मिसेसना माझा सलाम सांगा. बिशपसाहेबांना ते पत्र लिहू नका. तुम्ही जा.

‘आमच्याकडे सांगण्यासारखं काही घडत नाही’ हे तुमचं वाक्य मी चार वेळा वाचलं, कारण त्याच्याआधी दोनच ओळींवर तुम्ही लिहिलं आहे की महिन्यातून दोनदा तुम्ही तळावर जाऊन कोप्यांत उपासना घेता. पाळकसाहेब, पाचटाच्या कोपीसमोर, मुकादमाची शिटी व्हायच्या आत, फडावरून परतलेल्या आणि पहाटे पुन्हा फडावर जायच्या माणसांना जो पाळक प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) देतो, त्याच्याकडे सांगण्यासारखं नसेल तर कोणाकडे असेल? नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत घर मागे राहतं, पोरांची शाळा सुटते, आणि नाताळ नि कधीकधी ईस्टरसुद्धा उसाच्या फडात येतो. हे तुम्हाला रोजचं झालंय, म्हणून त्यात काही दिसत नाही. मलाही असंच झालं होतं आणि त्याची लाज मला परक्या देशात, सकाळच्या न्याहारीला वाटली. ते आधी सांगते, कारण तुमच्या तयारीची सगळी दिशा त्यातून ठरेल.

२०१३ साली दक्षिण कोरियात बुसानला वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या जगभरच्या मंडळ्यांच्या संघटनेची दहावी महासभा भरली होती, ३० ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर. माझी निवड झाली होती. जाण्याआधी तीन महिने मी फक्त इंग्रजीचा धोशा लावला. आरशासमोर वाक्यं म्हणायची, नातवाकडून उच्चार तपासून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर शेजारी चिलीचे एक वयस्कर पाळक बसले होते, पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या मंडळीचे. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षाही तुटकं. ‘इंडिया?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, महाराष्ट्र. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘मुक्ती. पंडिता.’

मला क्षणभर कळेचना. मग ते हळूहळू सांगत गेले. दौंडकडच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुलींमध्ये जे आत्मिक जागरण झालं, त्याची हकिकत मिनी एब्रम्स या रमाबाईंच्या सहकारी मिशनरीबाईंनी एका पुस्तिकेत लिहिली. एब्रम्सबाईंची एक जुनी वर्गमैत्रीण चिलीत वाल्पाराइसोला मेथडिस्ट पाळकाची पत्नी होती, मे हूव्हर तिचं नाव. पुस्तिका तिच्याकडे १९०७ मध्ये पोचली. तिथल्या मंडळीनं ती वाचून प्रार्थना सुरू केली आणि १९०९ मध्ये तिथंही जागरण झालं. चिलीतली पेंटेकोस्टल चळवळ त्यातून उभी राहिली. पुढं १९६१ साली नवी दिल्लीला वर्ल्ड कौन्सिलची तिसरी महासभा भरली, तेव्हा चिलीतल्या दोन पेंटेकोस्टल मंडळ्या तिच्या सभासद झाल्या. त्या वेळेपर्यंत कुठलीच पेंटेकोस्टल मंडळी तिच्यात नव्हती. हे सगळं तो माणूस मला, नगरकडच्या बाईला, सांगत होता. आणि मग त्यांनी विचारलं, ‘केडगाव कसं आहे? आता तिथं काय चालतं?’

पुण्याला जाताना आगगाडीच्या खिडकीतून केडगाव स्टेशनची पाटी मी शेकडो वेळा पाहिली असेल. शाळेत असताना एकदा सहलीला गेले होते, त्यातली आठवण म्हणजे एक मोठी विहीर आणि झाडाखाली खाल्लेला डबा. एवढंच सांगता आलं मला. इंग्रजी अडलं नाही हो. सांगायला माझ्याकडे माहितीच नव्हती. तो माणूस अर्धी पृथ्वी ओलांडून आला होता आणि माझ्या घरापासून काही तासांवरच्या गावाची खुशाली मला विचारत होता. परत आल्यावर पहिल्या महिन्यातच मी केडगावला जाऊन आले, पण ते त्यांना सांगायला पुन्हा भेट झाली नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, आता हातात असलेले दिवस इंग्रजीवर घालवू नका. ते आपल्या घरावर घालवा. आपली सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला जन्मली, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन. अँग्लिकन, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, ब्रदरन, सगळे एका छताखाली. बाहेरच्या देशांत अजून कित्येक ठिकाणी मंडळ्या यावर चर्चाच करत आहेत, त्यामुळे तुम्हाला हे हमखास विचारतील: तुम्ही कसं जमवलं? बाप्तिस्म्याचं काय केलंत, बिशपपदाचं काय केलंत? तुमच्या मंडळीतल्या सत्तरीच्या पुढच्या दोघातिघांना गाठा आणि विचारा, १९७० च्या आधी आपलं चर्च कुठल्या मिशनचं होतं, एकत्र आल्यावर घरात काय बोलणं झालं, काय बदललं. कागदावर नोंदून ठेवा. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, तुमच्या गावात पहिला बाप्तिस्मा कधी झाला? चर्चच्या नोंदवहीत असेल. माझा अनुभव सांगते, फार थोडे पाळक ती वही शेवटपर्यंत वाचतात.

आणि कोप्यांवर जा. मेळाव्याला निघण्याआधीच्या आठवड्यात तळावर जा, प्रभुभोजन द्या, म्हणजे तुमच्या मनातली ती टोचणी जाईल. मधल्या खेपेला मंडळीतल्या एखाद्या वडील माणसाला प्रार्थना घ्यायला पाठवा. तळावरच्या बायकांना सरळ विचारा: जगभरचे पाळक भेटणार आहेत, तुमच्याकडून त्यांना काय सांगू? सुरुवातीला त्या हसतील, पदर तोंडाला लावतील. थांबा. घाई करू नका. ज्या दोन-तीन गोष्टी त्या सांगतील, त्या त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. तिथं तुम्हाला बोलायला जी तीन-चार मिनिटं मिळतील, त्यात हेच सांगायचं आहे. ब्राझीलमध्ये ऊस आहे, फिलिपिन्समध्ये ऊस आहे, तिथले पाळकही मेळाव्याला असू शकतात. तुमची गोष्ट त्यांना भाषांतराशिवाय समजेल.

आता इंग्रजीबद्दल. वर्ल्ड कौन्सिलच्या मोठ्या सभांमध्ये इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि रशियन अशा पाच भाषांत एकाच वेळी भाषांतर चालतं. कानाला हेडफोन लावून बसायचं. याचा अर्थ असा की समोरच्यांपैकी निम्म्यांना तरी इंग्रजी परकीच असते. कांगोच्या पाळकाला, इंडोनेशियाच्या पाळकाला, कोरियाच्या पाळकाला तुमच्यासारखीच कोरड पडते. फाडफाड इंग्रजी बोलणारा माणूस भाषांतरकारांना सगळ्यात जास्त दमवतो. तुम्ही लहान वाक्यं बोला, एका वाक्यात एकच गोष्ट सांगा, आकडे दोनदा सांगा, आणि लिहून नेलेला कागद आदल्या दिवशी भाषांतरकारांना द्या. त्या काचेच्या खोलीतल्या बायका तुम्हाला मनापासून दुवा देतील. छोट्या गटात बायबल अभ्यास असेल, तिथं भाषांतर मिळेलच असं नाही. तिथं पहिल्याच दिवशी सांगून टाका की मी सावकाश बोलतो, तुम्हीही सावकाश बोला. मी हे बुसानला चौथ्या दिवशी सांगितलं आणि गटातल्या आणखी तिघांनी ‘आम्हालाही तेच हवं होतं’ म्हणून टाळ्या वाजवल्या. पहिले तीन दिवस आम्ही चौघं नुसतेच माना हलवत होतो.

बोलता आलं नाही तरी मत देता येतं, हेही तिथं पाहिलं. महासभेत प्रतिनिधींना दोन रंगांची कार्डं देतात, नारिंगी आणि निळं. चर्चा चालू असताना बोलणाऱ्याचं म्हणणं पटलं तर नारिंगी कार्ड छातीशी धरायचं, पटलं नाही तर निळं. सभाध्यक्ष नजर फिरवतात आणि त्यांना सभेचा कल कळतो. आपल्या पास्टोरेट कमिटीत (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत) जो मोठ्यानं बोलतो त्याचं चालतं, हे तुम्हीही पाहिलं असेलच. मी परत आल्यावर आमच्या कमिटीत पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापून हा प्रकार करून पाहिला. कधीही तोंड न उघडणाऱ्या एका विधवा बाईंनी त्या दिवशी सबंध वेळ निळं कार्ड धरून ठेवलं, आणि आम्हाला तो ठराव पुन्हा लिहावा लागला.

इंग्रजीपेक्षा जास्त जपावं लागतं ते वेगळंच. परदेशी माणसं तुम्हाला विचारतील, भारतात ख्रिस्ती लोकांचं कसं चाललंय? इथं दोन मोह होतात. एक, सगळं ठीक आहे म्हणून मोकळं व्हायचं. दुसरा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून गोष्ट फुगवायची. दुसरा मोह मोठा आहे, कारण पाणी आलं की मागोमाग पाकीट येतं. तुम्ही स्वतः पाहिलंय तेवढंच सांगा. शेजारच्या जिल्ह्यात ऐकलंय ते ‘ऐकलंय’ म्हणून सांगा, आणि गावातल्या मारुतीच्या पारावर नाताळच्या कार्यक्रमाला जागा मिळत असेल, तर तेही त्याच दमात सांगा. तळावरच्या उघड्या-नागड्या पोरांचे फोटो मोबाइलमध्ये नेऊ नका. ती पोरं तुमच्या मंडळीची आहेत, त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय त्यांचं दारिद्र्य कुणाला दाखवायचा हक्क आपल्याला नाही. माझं याबाबतीत मन फार कठोर आहे.

पाकिटाचं म्हटलं ते खरोखर घडतं. कुणीतरी प्रेमानं जवळ येईल, छपराची गोष्ट ऐकलेली असेल, आणि ‘तुमच्या चर्चसाठी’ म्हणून युरो तुमच्या हातात ठेवील. घेऊ नका, पाळकसाहेब. छप्पर कितीही गळत असलं तरी घेऊ नका. चर्चच्या कामासाठी परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. तुमच्या खिशातून आलेले युरो छपरावर लागले तर उद्या तुम्ही, तुमची कमिटी आणि बिशपसाहेब तिघंही अडचणीत याल. देणाऱ्याचा हात हातात घ्या, आभार माना, त्याचा पत्ता घ्या आणि सांगा, आमच्या धर्मप्रांताच्या ऑफिसातून तुम्हाला पत्र येईल. पुढचं ऑफिस बघेल. माझ्या ओळखीच्या एका पाळकानं भिडेपोटी असं पाकीट घेतलं होतं. पैसे सगळे चर्चलाच लागले, एक रुपयाही खाल्ला नाही, तरी नंतरची तीन वर्षं त्याची उत्तरं देण्यात गेली.

छपराची कुरकुर करणाऱ्यांवर रागावू नका. त्यांचं दुखणं खरं आहे. निघण्याआधीच्या रविवारी वेदीजवळ उभं राहून सांगा: तिकीट कोण काढतंय, राहायचं कोण बघतंय, मंडळीच्या पेटीतून किती पैसे जाणार आहेत. एकही जाणार नसेल तर तेही सांगा. आणि त्याच रविवारी छपरासाठी माणसं नेमा. पत्रे किती लागतील, मजुरी किती, गवंडी कोण, हा हिशेब तुमच्या गैरहजेरीत तयार होऊ द्या. पाळक नसताना झालेलं काम मंडळीला स्वतःचं वाटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. स्वित्झर्लंडचा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच; अर्ज मुंबईला व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. फी ९० युरो, केंद्राचा आकार वेगळा. निदान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, तेव्हा जानेवारीची वाट बघत बसू नका. आपल्या पगाराच्या बँक पुस्तकाकडे बघून तिथल्या माणसाला शंका येणं स्वाभाविक आहे. म्हणून खर्च यजमान करणार असल्याचं त्यांचं पत्र, आणि अमुक तारखेला परत येऊन हा माणूस अमुक मंडळीत सेवेला हजर होईल असं बिशपसाहेबांचं सही-शिक्क्याचं पत्र, दोन्ही जोडा. कपड्यांत लोकरीची आतली बंडी दोन घ्या, फेब्रुवारीत तिथं थंडी बोचरी असते.

हे वाचणाऱ्या इतर पाळकांसाठी एक. तुमचं बोलावणं बिशपसाहेबांमार्फत आलंय, त्यामुळे चिंता नाही. पण ‘आंतरराष्ट्रीय पाळक परिषद’ म्हणून थेट ईमेल येते, सगळा खर्च आम्ही करू फक्त नोंदणीचे पैसे आधी पाठवा म्हणते, ती उघडून लगेच धर्मप्रांताच्या ऑफिसात दाखवा. गरीब मंडळ्यांनी वर्गणी काढून असे पैसे घालवलेले मी पाहिले आहेत.

बुसानची आणखी एक गोष्ट सांगते आणि थांबते. माझ्या शेजारी काही दिवस एक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू बसायचे. त्यांच्या मंडळीत स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा नाही आणि मी गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी घालून बसलेली. या विषयावर आम्ही एकदाही वाद घातला नाही, पटलंही नाही. समारोपाच्या उपासनेत पुढून सूचना आली: प्रभूची प्रार्थना ज्यानं त्यानं आपल्या भाषेत म्हणावी. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला लागले आणि चारी बाजूंनी त्या हजारो माणसांच्या आवाजाची एकच गाज उठली. दहा दिवसांत पहिल्यांदा मी एक शब्दही न शोधता बोलत होते. शेजारी ते त्यांच्या भाषेत म्हणत होते. ‘आमेन’ला आम्ही दोघं बरोबर पोचलो. तुमच्या मेळाव्यातही हे होईल, बहुतेक सभांमध्ये होतंच. तेव्हा पुटपुटू नका, कोपीत म्हणता तशी मोकळ्या आवाजात म्हणा.

एखाद्या संध्याकाळी प्रत्येक देशाला आपलं गाणं म्हणायला सांगतील. पेटी नेता येणार नाही. टाळ नेता येतात. बुसानला नेलेली माझी पितळी जोडी अजून कपाटात आहे, दोरी मात्र जुनी झाली आहे. मुंबईला व्हिसाच्या कामाला जाताना नगरवरून जाल, तेव्हा मिसेसना घेऊन घरी या. जेवून जा आणि टाळ घेऊन जा. सामानाच्या मोठ्या बॅगेत, लोकरीच्या बंडीत गुंडाळून ठेवा.

तुमची,
ताई